परसातला लाकडाचा बंब: पत्रा निवडण्याआधी पाणी बघा

खानापूरकडच्या घरी परसात मोठा बंब करून दहा-बारा माणसांच्या आंघोळीचं पाणी न्हाणीत आणायचं, असं तुम्ही म्हणता. वेल्डर 2 एमएम स्टेनलेसमध्ये सगळं करून देतो म्हणतोय, घरच्यांना जुन्या बॅरलमध्ये भागवायचंय. दोघांनाही जरा थांबवा. कुठला धातू घ्यायचा ते एका गोष्टीवर ठरतं: बंबात रोज नवं पाणी भरणार, की तेच पाणी कायम आत ठेवणार?

रोज नवं पाणी म्हणजे त्यासोबत रोज नवा ऑक्सिजन, आणि गरम पाण्यातला ऑक्सिजन साध्या लोखंडाला भराभर खातो. आपले जुने बंब तांब्याचे असायचे ते उगीच नव्हे. तेच पाणी आत राहिलं, तर त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंज अगदी मंदावतो. मग 5-6 एमएमची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट खुशाल वापरा. आतल्या पाण्यात तांब्याची कॉइल बुडवायची आणि विहिरीचं पाणी त्या कॉइलमधून न्हाणीत न्यायचं. मी हेच करा म्हणेन. बेळगावात उद्यमबागेत प्लेट हव्या त्या मापाने कापून, वाकवून मिळते.

स्टेनलेसला माझा विरोध नाही, पण भट्टीच्या तोंडाशी 2 एमएम नको. 304 ग्रेडचं स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट फुगतं आणि उष्णता मात्र त्याच्या एक तृतीयांशच वाहून नेतं. त्यामुळे पातळ पत्रा वाकतो, वेल्डिंगच्या कडेला चिरा पडतात. रोज नवं पाणीच भरायचं असेल तर 304 घ्या, जरा जाड घ्या आणि आर्गन वेल्डिंग करून घ्या. बिलावर 304 लिहून मागा. स्वस्तातलं 202 ग्रेडचं स्टेनलेस सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे लोहचुंबक लावून काही कळत नाही. तांब्यात पाणी लवकर तापतं म्हणतात, पण बाहेरून काजळीचा थर बसला की तांबं काय नि लोखंड काय.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप किंवा पत्रा आगीजवळ बिलकुल नको. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत गेला तर माणूस तापाने पडतो. बॅरल तर फारच पातळ. त्यात आधी डिझेल किंवा केमिकल असेल तर कापताना स्फोट होऊ शकतो.

भट्टीच्या चारी बाजूंनी पाणी ठेवू नका. गार भिंतीला लागून जाळ विझतो, नुसता धूर होतो आणि चिमणीत डांबर साचतं. खालचा भाग फायरब्रिकचा (आग सोसणाऱ्या विटेचा) करा, सांधे फायरक्लेचे (तशाच मातीचे). तिथे सिमेंट टिकत नाही. आपली साधी वीट बाहेरच्या भिंतीला चालेल. टाकीभोवती रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी दगडी लोकर), त्यावर पत्रा, थर्माकोल नको. तुमच्याकडचा पाऊस बघता वर शेड हवीच, भिजलेलं रॉकवूल काही कामाचं नाही. राखही मिरगाच्या आधी पूर्ण काढा, ओली राख तळाची प्लेट खाते.

लाकूड किती लागेल? 200 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला, निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी, साडेचार किलोच्या आसपास वाळलेलं जळण. ओलं असेल तर हिशोबच सोडा.

टाकीच्या डोक्यावर इंच-सव्वा इंची पाइप कायम उघडा राहू दे, त्याला कॉक लावायचा नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि ती जागा नसेल तर टाकी फुटते. त्याच कारणाने कॉइलचा नळ गार पाण्याच्या बाजूला बसवा, न्हाणीतलं तोंड मोकळं ठेवा.

अथणी-रायबागकडचं कुणी हे वाचत असेल, तर बोअरच्या जड पाण्याने कॉइलमध्ये क्षार धरणारच. कॉइल वेल्ड करून टाकू नका, दोन्ही टोकांना युनियन (पान्याने सुटणारे जोड) बसवा, म्हणजे ती सोडवून साफ करता येईल.