उपसा

प्रिय मुला,

तुझा निरोप रात्री साडेअकराला आला. म्हणजे एक तर विरार लोकल रखडली असणार, नाही तर घरात बोलणं बंद असणार. मला दुसरं वाटलं. ‘सर, लग्नाआधीच्या शिबिरात तुम्ही म्हणाला होता की विवाह हा संस्कार आहे, त्यातून कृपा मिळते. आठ महिने झाले, मला तरी काही मिळाल्यासारखं वाटत नाही.’ याला फोनवर काय उत्तर देणार? म्हणून वही घेऊन बसलो.

आधी आमची चूक कबूल करतो. शिबिरात आम्ही कृपेविषयी असं बोलतो, जणू ती रिसेप्शनच्या पाकिटांबरोबर हाती पडते आणि घरी जाऊन मोजायची. आपल्या आळीमागचं बावखल, ती गोड्या पाण्याची तळ्यासारखी विहीर, तुला आठवतं ना? तुझ्या आजोबांच्या काळात त्यावर रहाट होता. रेडा गोल फिरायचा, पाणी पाटाने केळीला, पानवेलीला जायचं. पाणी यायचं खालच्या झऱ्यांतून, आणि जितकं उपसावं तितकं नितळ राहायचं. पुढे नळ आले, बोअर आली, कुणी उपसेना. आज त्यावर शेवाळ आहे आणि लोक त्यात प्लॅस्टिक टाकतात. झरे अजून आहेत रे, उपसा थांबला.

हे माझं डोकं नाही. परमगुरुस्वामी, म्हणजे पोप, अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या विवाहावरच्या परिपत्रकात जवळजवळ हेच सांगितलंय, फक्त त्यांनी दाखला दिला तो बायबलमधल्या गोष्टीतल्या, न वापरता जमिनीत पुरून ठेवलेल्या तालांताचा, म्हणजे धनाचा. नवराबायकोने आपला वाटा उचलला नाही, तर या संस्काराची कृपा बरीचशी तशीच पुरलेली राहते. आणखी एक गोष्ट शिबिरात कुणाच्या ध्यानात राहत नाही. तुमचं लग्न फादरनी ‘लावलं’ नाही. आपल्या कॅथलिक चर्चच्या लॅटिन परंपरेत हा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने तुमची संमती घेतात आणि साक्षीला उभे असतात. म्हणजे तुझ्या वाट्याची कृपा देवाने तुझ्या बायकोच्या हातून द्यायचं ठरवलंय आणि तिच्या वाट्याची तुझ्या हातून. जिच्याशी अबोला धरून बसलास, तिच्याच हातात रहाटाचा दोर आहे. पंचाईत आहे खरी!

आता माझी एक गोष्ट सांगतो. मॅडमला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारू नकोस, ती वेगळी सांगेल. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. वाडीतला वाटा विकायचा की ठेवायचा यावर घरात चर्चा चालू होती आणि मी हिला न विचारता भावाला शब्द देऊन आलो. पाच दिवस अबोला. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा मुलीमार्फत कळवायचं. रविवारी मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, मात्र एकाच बाकावर, मध्ये मुलगी. ‘एकमेकांना शांती द्या’ म्हटल्यावर ही माझ्याकडे वळली आणि हात जोडले. डोळे लाल, चेहरा दगडासारखा. माझ्या हातात गायनाचं पुस्तक होतं. ते ठेवायला जागा सापडत नाही असं मी नाटक केलं. मग मुलीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. मी हात जोडले. एवढंच.

मला काहीही ‘वाटलं’ नाही, हे नीट वाच. ना ऊब, ना प्रकाश. घशात आवंढा होता. पण जे माझ्या स्वभावात नाही ते माझ्या हातांनी केलं, आणि संध्याकाळी मी भावाकडे जाऊन शब्द मागे घेतला. भाऊ दोन वर्षं नीट बोलला नाही, तो भाग वेगळा. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या कृपेचं काम लिहिलंय ते असंच: पडल्यावर उठणं, एकमेकांना क्षमा करणं, एकमेकांची ओझी वाहणं. भावनांचं आश्वासन त्यात मला कुठे सापडलं नाही.

मग उपसायचं कसं? फादरपुढे पापं कबूल करायला, पापनिवेदनाला जा, पण स्वतःचं घेऊन. तो वाडीचा मामला झाला तेव्हा मी आत गुडघे टेकून निम्मा वेळ हिचीच गाऱ्हाणी सांगितली. जाळीपलीकडून फादरचा आवाज आला, ‘तिचं ती येऊन सांगेल. तुझं काय?’ दुसरं, रात्री झोपण्याआधी निदान रोझरीचं, म्हणजे जपमाळेचं, एक दशक (दहा मण्यांचा एक भाग) दोघांनी मिळून म्हणा. तिची रात्रपाळी असेल तर फोनवर म्हणा. भांडणात असताना त्यातल्या प्रभूच्या प्रार्थनेतले ‘आमच्या अपराधांची आम्हांस क्षमा कर’ हे शब्द दोघांनी एका आवाजात म्हणणं फार अवघड जातं, करून बघ. परमगुरुस्वामी फ्रान्सिस तीन शब्द सांगत: परवानगी, आभार, माफी. आपल्या मराठी घरात बायकोला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती आधी तुझा ताप बघेल. ‘बरं झालं केलंस’ म्हण, तेवढ्याने भागतं.

संत लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच नवराबायकोचा फोटो तुझ्या आईच्या आल्तारीवर, घरातल्या देव्हाऱ्यावर आहे. २०१५ साली दोघांना एकत्र संतपद मिळालं, म्हणून आपण त्यांना गुळगुळीत करून ठेवलंय. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, झेली १८७७ मध्ये कॅन्सरने गेली, लुईला म्हातारपणी मनोरुग्णालयात राहावं लागलं. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. बायकोचा लेसचा धंदा वाढला तेव्हा लुईने आपलं घड्याळाचं दुकान विकलं आणि तिच्या कामाला हात लावला. एकोणिसाव्या शतकात! तू परवा तिच्या बढतीवरून काय बोललास ते मला कळलंय.

आणि एक. शिबिरात एका मुलीने विचारलं होतं, ‘कृपा आहे म्हणून मार खायचा का?’ नाही. तिथे चर्चचा कायदाही वेगळं राहू देतो. तुझ्याबाबतीत तसं काही नाही हे मला माहीत आहे, पण शेजारी कुणाला सहनशीलतेचे धडे देण्याआधी हे लक्षात ठेव.

रविवारी सातच्या मिस्सेला दोघं या, मग घरी चहाला. यंदाची सुकेळी, वाळवलेली केळी, चांगली झाली आहेत, मॅडमने तुमच्यासाठी वेगळी बांधून ठेवलीत. बावखलाकडेही जाऊ, पोरांनी एका बाजूचं शेवाळ काढलंय म्हणे.

तुझा,
सर