रांग एक नाही, तीन आहेत

इंग्लंडातल्या लेस्टरहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

“ताई, आमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा म्हणून पेढे वाटले. चार वर्षांपूर्वी तिनं आम्हांला खरं काय ते सांगितलं, की ती मुलगी आहे. आम्ही दोघं तिच्या बाजूनं आहोत. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तेव्हाच रेफर केलं, पण लिंगबदलाच्या ऑपरेशनचा अजून पत्ता नाही. हे म्हणतात, पुण्याला नेऊ, महिनाभरात सगळं उरकून परत येऊ. सासूबाई सदाशिव पेठेत असतात, त्यांना यातलं काही माहीत नाही. काय करावं?”

ताई, ‘जीपीनं रेफर केलं, पण ऑपरेशनचा पत्ता नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बहुतेक आईवडिलांना असंच वाटतं की जीपीची चिठ्ठी गेली म्हणजे लेकरू ऑपरेशनच्या रांगेत लागलं. ती चिठ्ठी असते फक्त जेंडर क्लिनिकच्या, म्हणजे ट्रान्स माणसांवर उपचार करणाऱ्या केंद्राच्या, पहिल्या भेटीसाठी. इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चानं हे उपचार घ्यायचे तर एकामागून एक तीन रांगा असतात, आणि ही पहिलीच सगळ्यांत लांब. रेफरलपासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा एनएचएसचा दंडक आहे. इथे मात्र लोकांची वर्षंच्या वर्षं जातात, कारण अशी क्लिनिकं मोजकी आणि थांबलेली माणसं हजारोंनी.

दुसरी रांग क्लिनिकच्या आतली. तिथे तज्ज्ञांशी बोलणी होतात, निदान होतं, हार्मोन्स सुरू होतात. खालच्या, म्हणजे जननेंद्रियांवरच्या, शस्त्रक्रियेसाठी साधारण वर्षभर हार्मोन्स घेतलेले लागतात, आपल्या खऱ्या ओळखीनं वर्षभर वावरलेलं असावं लागतं आणि दोन तज्ज्ञांचं मत लागतं. तिसरी रांग सर्जनची. क्लिनिकची शिफारस एका राष्ट्रीय रेफरल केंद्राकडे जाते आणि तिथून रुग्णालयाकडे. अशी रुग्णालयंही बोटांवर मोजण्याइतकीच.

म्हणून लेकीला आधी हे विचारा, की ती आज नेमकी कोणत्या रांगेत आहे आणि त्याचा कागद तिच्याकडे आहे का. मी कागदावर अडून बसते त्याला कारण आहे. माझा भाचाही तिकडेच असतो. त्याची नोंद जन्मतः मुलगी म्हणून झाली होती. जीपीच्या दवाखान्यातून ‘पाठवलंय’ असं सांगितलं, आणि आम्ही सगळे निवांत. चौदा महिन्यांनी त्यानं क्लिनिकला फोन केला, तर त्यांच्याकडे त्याचं नावच नाही! फॉर्म अर्धवट म्हणून परत आला होता आणि ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. ते चौदा महिने गेले ते गेलेच. त्या दिवशी बहिणीनं एक शंभरपानी वही काढून त्याला दिली. फोन कधी केला, कोण बोललं, काय म्हणालं, सगळं त्यात. कडेला लाल पेनानं पुढच्या फोनची तारीख. पुढे एकदा क्लिनिकनं रेफरलची तारीख चुकीची धरली, तेव्हा या वहीमुळेच ती दुरुस्त झाली.

वहीच्या पहिल्या पानावर एनएचएस नंबर लिहायला सांगा. जीपीकडे लिंगाची नोंद बदलली की नंबर नवीन मिळतो. रेफरल जुन्या नंबरावर गेलं असेल तर क्लिनिकला नवा कळवायलाच हवा. पत्ता बदलला तरी तसंच. भेटीचं पत्र जुन्या घरी गेलं आणि उत्तर आलं नाही, तर यादीतून नाव जाऊ शकतं. हे फोन तुम्ही करायला जाऊ नका. आपल्याकडे आईवडीलच डॉक्टरांशी बोलतात, पण तिथे सज्ञान माणसाच्या संमतीशिवाय तुम्हांला कुणी अक्षरही सांगणार नाही. तिनं फोन करावा, तुम्ही शेजारी बसा. तासभर ती ‘कृपया थांबा’चं संगीत ऐकत बसणार असेल, तर चहा करून द्यायला तरी कुणी असावं.

क्लिनिक घराजवळचंच हवं असंही नाही. इंग्लंडातलं दुसरं निवडायचा हक्क तिला आहे. काही केंद्रं मात्र आपल्या भागातल्याच लोकांना घेतात. बदलायचं ठरवलं तर जुनी तारीख धरली जाईल का, हे आधी लेखी विचारून घ्या.

थांबण्याच्या काळात करण्यासारखंही बरंच आहे. सिगारेट ओढत असेल तर बंद. वजनाची मर्यादा असते, तीही आधी विचारून ठेवावी. तिच्या शस्त्रक्रियेआधी तिथले केस लेझरनं किंवा इलेक्ट्रोलिसिसनं काढावे लागू शकतात, आणि केस टप्प्याटप्प्यानं उगवत असल्यानं त्याला कित्येक महिने जातात. ऐनवेळी धावाधाव केली तर हाताशी आलेली तारीख पुढे जाते. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च एनएचएस करत नाही, तेवढी बाजूला तरतूद असू द्या.

आता पुण्याचं. इथे चांगले सर्जन आहेत, खर्च तिकडच्या खासगी रुग्णालयापेक्षा कमी येतो, हे खरं. पण ‘महिनाभरात उरकू’ हा हिशेब मला मुळीच पटत नाही. या ऑपरेशननंतर कित्येक महिने रोज, सुरुवातीला दिवसातून अनेकदा, डायलेशन करावं लागतं, म्हणजे नव्यानं केलेला योनिमार्ग आकसू नये म्हणून साधन घालून तो रुंद ठेवावा लागतो. टाके, सूज, लघवीचा त्रास हे पुढच्या काही आठवड्यांत कळतं. मोठ्या ऑपरेशननंतर लगेच लांबचा विमानप्रवास केला तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. परत गेल्यावर पाहणार कोण, हे तिच्या जीपीला आधी विचारा. इथल्या सर्जनकडून ऑपरेशनचा सविस्तर इंग्रजी अहवाल घ्या. आणि हे ठरवायचं तिनं. शरीर तिचं आहे, तिकीट काढून मग तिला सांगू नका.

विद्यार्थी व्हिसावर मुलं गेलेल्या पालकांसाठी एक ओळ. व्हिसासोबत भरलेल्या आरोग्य अधिभारात एनएचएस मिळतं, जीपीकडे नाव घालता येतं, रेफरलही होतं. पण व्हिसा संपतो आणि रांग संपत नाही. पुढचा व्हिसा काय, हे पहिल्या वर्षीच बोला.

सासूबाईंना कधी सांगायचं तेही लेकीनंच ठरवावं, पण फार लांबवू नका. इंग्रजीत नाव घेऊन वेळ मारून नेता येते. मराठीत क्रियापदच कबुली देतं. आजीचा व्हिडिओ कॉल येतो, “जेवलास का रे?” आणि तुमची लेक दर रविवारी हसून “हो” म्हणते. ते ‘जेवलास’ तिला किती लागत असेल, विचारून पाहा. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती एक्क्याऐंशीची होती. पहिले काही महिने तोंडून ‘आलीस’ जायचं, मग थांबायची, कपाळाला हात लावायची आणि पुन्हा म्हणायची, “आलास का रे बाळा?” भाचा फोनवर वाट बघत असायचा. दिवाळीला तुम्ही इकडे येणार असाल तर त्याआधीच एखाद्या रविवारी लेकीला विचारा, आजीला ती स्वतः सांगणार की तुम्ही सांगायचं.