साठ मुलांच्या वर्गात जागतिक व्यापाराचा खेळ: पाकिटात काय घालायचं आणि कुठे फसतं

नववीचा साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचे लागोपाठ दोन तास, आणि ‘काही देश गरीब का राहिले’ हे भाषण न देता मुलांना भूमिका देऊन शिकवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. जमतं. फक्त ‘तू आफ्रिकेतला गरीब शेतकरी, तू अमेरिकेचा अध्यक्ष’ असे संवाद पाठ करायला देऊ नका. त्याचं स्नेहसंमेलन होतं. गरिबाचा अभिनय करणारं मूल हात पसरतं, वर्ग हसतो, आणि गरिबी हा त्या माणसाचा स्वभाव आहे असं डोक्यात बसतं. विषमता संवादात नको, पाकिटात हवी. कागद कापून आकार विकायचा जुना, कसाला उतरलेला खेळ त्यासाठी घ्या.

सहा-सहा मुलांचे आठ गट करा. उरलेल्या बारांपैकी दोघं बँक, दोघं तपासनीस आणि प्रत्येक गटामागे एक निरीक्षक. गट चिठ्ठ्या टाकूनच पाडा. ज्याच्या घरी खरंच ओढाताण आहे ते मूल रिकाम्या पाकिटाच्या गटात तुमच्या निवडीने गेलं, असं त्याला कधीही वाटता कामा नये.

बंद पाकिटं अशी भरा:
अ (२ गट): कागद १, गोल टोकाच्या कात्र्या २, पट्ट्या २, वर्तुळ काढायचा कंपास १, पेन्सिली ४, १,००० डॉलर.
ब (३ गट): कागद ५, कात्री १, पट्टी १, पेन्सिली २, ४०० डॉलर.
क (३ गट): कागद १०, पेन्सिल १, २०० डॉलर. बाकी काही नाही.

सगळे कागद ए-फोर. आठ-दहा कागद स्वतःकडे राखून ठेवा. मुलांच्या कंपासपेट्या दप्तरात आणि दप्तरं भिंतीशी, हे विसरलात तर तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांकडे पट्टी असते आणि खेळ तिथेच संपतो.

बँक कोणता आकार कितीला घेणार ते भाव फळ्यावर लिहा: ९ सेंमी व्यासाचं वर्तुळ २०० डॉलर, ७ × १० सेंमी आयत १००, ७ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण ५०. माप दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलं किंवा कड फाडलेली असली तर माल परत. तपासनिसांना पुठ्ठ्याचे नमुने कापून द्या, नाहीतर रांग लागते आणि भांडणं होतात. नियम तीनच सांगा: हिसकावायचं नाही, देवघेव कशाचीही चालेल, जास्तीत जास्त डॉलर कमवा. पाकिटं वेगवेगळी आहेत हे अजिबात सांगू नका. गटांना देशांची नावंही आधी देऊ नका. नाव मिळालं की मुलं त्या देशाची नक्कल करू लागतात.

आता खरा गाभा. एका कागदातून सहा वर्तुळं निघतात, म्हणजे १,२०० डॉलर. ‘क’ गट हाच कागद सुरुवातीला बहुधा ५०-१०० डॉलरला देऊन टाकतो, कारण कात्री नसेल तर तो कोरा कागदच. म्हणून निरीक्षकांचं मुख्य काम एकच: कागदाच्या प्रत्येक सौद्याची वेळ आणि भाव टिपणं. नंतर हे आकडे फळ्यावर मांडले की मूल्यवर्धन (कच्च्या मालावर काम केल्याने वाढणारी किंमत) ही व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत पिकतो, पण चॉकलेटचे नावाजलेले कारखाने युरोप-अमेरिकेत आहेत, ही गोष्ट तेव्हाच सांगा. आधी सांगितली तर वाया जाते.

रुपये का नाहीत, असं कोणीतरी विचारेलच. १९९१ साली भारताने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे सोनं गहाण का ठेवलं, याचं उत्तर त्यातच आहे. बाहेरून तेल घ्यायला परकी चलन लागतं, आणि ते मिळवावं लागतं.

खेळ २८ मिनिटांचा ठेवा. बँक पहिल्यापासून कर्ज देते, दर पाच मिनिटांना १० टक्के व्याज. मधल्या घोषणा तीनच पुरेत, आणि प्रत्येकीमागे खरी घटना हवी.

दहाव्या मिनिटाला एका ‘क’ गटाला राखीव कागद द्या: नवी खाण सापडली. आनंद होतो, मग कागदाचा भाव पडतो. पंधराव्याला त्रिकोण ५० वरून २० वर आणा. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत (कोणत्या देशाने किती कॉफी विकायची याची मर्यादा) संपली आणि भाव कोसळले, तसं. अठराव्याला व्याज २० टक्के, जुन्या कर्जांवरसुद्धा. मुलं ‘हा अन्याय आहे’ म्हणून ओरडतात. ओरडू द्या. १९७९ नंतर अमेरिकेत व्याजदर चढले आणि बदलत्या दराने कर्ज घेतलेल्या देशांचं नेमकं हेच झालं. ऑगस्ट १९८२ मध्ये कर्ज फेडता येत नाही म्हणून मेक्सिकोने हात टेकले.

‘क’ गट एकत्र येऊन कागद रोखतात का, ते बघा, पण सुचवू नका. रोखला तर १९७३ साली तेल रोखून भाव वाढवणारे तेल-उत्पादक देश आठवा. मात्र तेवढ्यावर सोडणं चूक. चिली, पेरू, झांबिया आणि काँगो (नंतरचं झाईर) यांनी तांब्यासाठी १९६७ साली अशीच संघटना केली होती, तिला तेलासारखं यश आलं नाही. वापरलेलं तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं, जाळलेलं तेल येत नाही.

खेळ थांबला की पाच मिनिटांचं मतदान घ्या. ठराव: व्याज माफ करावं. शंभर मतपत्रिका: ‘अ’ला प्रत्येकी २९, ‘ब’ला १०, ‘क’ला ४. मंजुरीला ८५ हवीत. एकटा ‘अ’ गट ठराव पाडू शकतो. तिन्ही ‘क’ मिळून १२ मतं होतात, त्यांना पाडताही येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत. ही संस्था जिथे ठरली त्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ४४ देश होते, भारताच्या प्रतिनिधींमध्ये तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते, हेही सांगा. मुलांना ती संस्था मग परकी वाटत नाही.

उरलेली तीस मिनिटं चर्चेला राखा, एकही मिनिट कमी नको. इथेच बहुतेक जण घाई करतात. आधी ‘क’ बोलेल, मग ‘ब’, शेवटी ‘अ’. उलट केलंत तर ‘आम्ही मेहनत केली’ हे पहिलं वाक्य होतं आणि चर्चा त्याच्याभोवती फिरत राहते. ते वाक्य आलंच तर वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी पाकिटं अदलाबदल करून आठ मिनिटं खेळवा.

उलटी चूकही होते: पाकिटावरच सगळं ठरतं, मग धडपड कशाला? ती टाळायला पहिल्याच खेळात एक जादा नियम ठेवा. कोणताही गट ३०० डॉलर भरून एक मूल पाच मिनिटं ‘शिकायला’ बँकेपाशी बसवू शकतो. परत येताना ते कंपास आणि कात्री घेऊन येतं. फार थोडे गट हे करतात, कारण हातातले पैसे जातात आणि एक माणूस कमी होतो. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियाचं दरडोई उत्पन्न घानाच्या आसपास होतं. जमीन सुधारणा, शाळा आणि सरकारने निर्यातदारांना दिलेलं स्वस्त कर्ज यांवर तो देश उभा राहिला. पण त्या पाच मिनिटांत गटाचं कसं भागलं, हे शिकायला बसलेल्या मुलाच्या गटालाच सांगू द्या.

पाकिटं आणि निरीक्षकांचे कागद जपून ठेवा. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तेव्हा दोन ‘ब’ पाकिटांवर ही नावं लिहून तेच आकडे पुन्हा काढता येतील.