लातूरच्या क्लाससाठी पीपीएफ मोडावे का?

बार्शीच्या एका वाचकांची मुलगी दहावी झाली असून ‘नीट’च्या तयारीसाठी तिला लातूरला ठेवायचे घाटते आहे. क्लासची दोन वर्षांची फी २,४०,००० रुपये, एकरकमी भरल्यास २४,००० रुपयांची सवलत; वसतिगृह आणि मेस धरून महिना ९,००० रुपये. जवळ १,५०,००० रुपयांची मुदत ठेव, २०१६-१७ मध्ये उघडलेल्या पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यात ६,२०,००० रुपये आणि घरखर्च जाऊन महिन्याला उरणारे १४,००० रुपये. पीपीएफ मोडून एकदाच मोकळे व्हावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपला बेत पीपीएफच्या नियमांतच अडतो. खाते चालू ठेवून पैसे काढायचे तर मागील वर्षअखेरची शिल्लक आणि चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक यांतील जी कमी असेल तिच्या निम्मी रक्कमच मिळते. समजा, चार वर्षांपूर्वी पासबुकात ३,६०,००० रुपये असतील, तर हाती १,८०,००० रुपये येतील. मुदतीआधी खाते बंद करण्याची मुभा उच्च शिक्षणासाठी आहे खरी, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील प्रवेशाचा पुरावा लागतो आणि व्याज एक टक्क्याने कमी धरले जाते. खासगी क्लासची पावती तेथे चालणार नाही.

आता पीपीएफला हात न लावता हिशेब मांडू. एका वर्षाचा क्लास १,२०,००० आणि राहणे-जेवण १,०८,०००, म्हणजे २,२८,००० रुपये. ठेव आणि वर्षभराची शिल्लक मिळून ३,१८,००० होतात. पहिल्या वर्षाअखेर ९०,००० उरतात, त्यांत पुढच्या वर्षाचे १,६८,००० मिळवले की दुसरे वर्षही निघते आणि ३०,००० रुपये शिल्लक राहतात. ज्युनियर कॉलेजची फी आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातूनच भागवावा लागेल. मात्र सांगितलेल्या फीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारा; नसेल तर ४३,२०० रुपये वाढतात आणि शिल्लक जाऊन १३,२०० रुपयांची तूट येते. तेवढ्यापुरते पीपीएफमधून काढायला हरकत नाही. या दोन वर्षांत खात्यात वर्षाला किमान ५०० रुपये भरलेत तरी ते चालू राहते.

म्हणून फी हप्त्यांनीच भरावी, हे माझे मत आहे. मूल मध्येच परतले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण माझा भाचा दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही, तेव्हा पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘भरलेली फी परत मिळणार नाही’ असे छापलेले आम्हाला दिसले, आणि सहा महिने खेटे घालून निम्मी रक्कम सुटली. २४,००० रुपयांच्या सवलतीसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाल्यावर शैक्षणिक कर्ज मिळेलच, मग पीपीएफ आता का वापरू नये, असे आपण म्हणाल. ते बरोबर आहे, पण नीटला रिपीटचे वर्ष करणारी मुले थोडी नसतात, आणि त्या वर्षाच्या क्लाससाठी बँका सहसा कर्ज देत नाहीत. तोवर ठेव संपलेली असेल. पीपीएफमधली काढता येण्याजोगी रक्कम त्या वर्षासाठी राखून ठेवा.