पहिल्यांदा बिऱ्हाड हलवताना

सुरुवात माळ्यापासून कर. तिथलं सामान रोज लागत नाही, त्यामुळे आठवडाभर आधी बांधलं तरी अडत नाही. पुस्तकं मात्र लहान खोक्यांतच भर. माझं मोठं खोकं जिन्यातच तळातून फाटलं होतं, तेही भर पावसात. भिजलेली पुस्तकं अजून डोळ्यांसमोर येतात.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघराला दे. काचेच्या ताटल्या आडव्या रचू नकोस. प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळून उभ्या लाव, धक्क्याने कमी फुटतात. स्टीलचे डबे रिकामे नेऊ नकोस, त्यांत वाट्या, चमचे, फडकी भर. लोणच्याच्या बरणीचं तोंड प्लॅस्टिक लावून दोरीने आवळ आणि ती स्वतःजवळच ठेव, टेम्पोत देऊ नकोस.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू दे, आणि उभाच न्यायला सांग. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर बसवताना काढलेले ड्रमचे बोल्ट आत्ताच शोध. ते लावल्याशिवाय मशीन हलवू नये. खोक्यांवर नाव कडेला लिही, एकावर एक रचल्यावर वरचं दिसत नाही. चहा-साखर, पातेलं, औषधं आणि रात्रीच्या चादरी वेगळ्या पिशवीत.