ब्रह्मा, असील आणि आपला वैशाख

या वेळच्या सगळ्या पत्रांत मोठ्या जातीच्या कोंबड्यांविषयीच विचारलं आहे. काही उत्तरं लांबली, कारण विषयच तसा आहे.

यावलहून एक ताई : हिवाळ्यात ब्रह्माची जोडी आणली. कोंबडा साडेचार किलोचा आहे. चैत्र लागल्यापासून दुपारी चोच उघडी टाकून, पंख सोडून उभा राहतो. खुराडं पत्र्याचं आहे. पंखा लावू का?

ताई, पंख्याआधी पत्र्याचं बघा. त्यावर पऱ्हाट्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्या, दुपारी त्यावर पाणी मारा. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढते, आणि पक्षी जितका थोराड तितकं हे काम अवघड. ब्रह्माचं नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी जात घडली अमेरिकेत, शांघायहून गेलेल्या पक्ष्यांपासून. अंगभर दाट पिसं, पायांवरही पिसं, हा सगळा थंडीचा सरंजाम आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. आपल्याकडे हवाच ४४-४५ वर गेली की नुसता पंखा गरम झोतच अंगावर फेकतो. पंख्यासमोर ओलं गोणपाट टांगा, मग तो उपयोगी पडेल.

दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या, सकाळी दहा ते चार बंद. पचनाची उष्णता ऐन दुपारच्या उन्हात मिसळली की पक्षी आडवा होतो. माझा एक देखणा कोंबडा असाच गेला. दुपारी बाराला मी त्याला मायेने मका घातला होता, ते अजून सलतं. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवा आणि दुपारून दोनदा बदला. फारच धापा टाकत असेल तर पाय साध्या पाण्यात बुडवून उभा करा, बर्फ नको. केळीची बाग जवळ असेल तर दिवसभर तिथे सोडा, त्याहून चांगली सावली आपल्या भागात नाही. आणि मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर गाफील राहू नका. दमट उकाड्यात धापांचा उपयोग कमी होतो, तेव्हा पाणी शिंपडणं थांबवून वारा खेळता ठेवा.

शिरपूरहून एक भाऊ : घरच्या वनराजाची अंडी उबवली. पिल्लं एकसारखी वाढत नाहीत. अंडी खराब होती का?

अंडी चांगलीच होती. वनराजा हा हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार केलेला संकर आहे. संकराची पुढची पिढी आईबापासारखी निघत नाही. तो वाढवायला आणि खायला उत्तम; वंश चालवायचा असेल तर असीलसारखी शुद्ध जात घ्या. असीलची पिसं तोकडी, तुरा लहान, अंग घट्ट, आपल्या उन्हाला ब्रह्मापेक्षा बरीच सोशिक. फक्त झुंजीसाठी पाळू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि त्या जिवाचे हालही.

शहाद्याहून एक दादा : असीलच्या सात कोंबड्या, एक कोंबडा. एप्रिलमध्ये खुडूक कोंबडीखाली १५ अंडी ठेवली, चारच पिल्लं निघाली. दोष कोंबड्याचा का?

दादा, न उबलेली अंडी फोडून पाहिली असती तर उत्तर तिथेच मिळालं असतं. आत निव्वळ बलक असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. रक्ताचं कडं दिसलं तर पिल्लू सुरुवातीलाच मेलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलं असेल तर शेवटच्या दिवसांत ऊब किंवा ओल चुकली.

सात माद्यांना एक नर हे प्रमाण योग्य आहे. मला शंका येते ती साठवणीची. घरातली हवा पस्तिशीपुढे गेली की कोंबडी न बसताच अंड्यात जीव वाढू लागतो, अर्धवट वाढतो आणि मरतो. अंडी सात दिवसांहून जुनी नकोत, धुऊ नका, निमुळतं टोक खाली करून माठाजवळच्या गारव्यात ठेवा. शिवाय १५ अंडी फार झाली. असीलची कोंबडी वजनदार, कडेची अंडी उघडी पडतात, काही तडकतात. नऊ-दहा पुरे. सातव्या रात्री अंधारात बॅटरीसमोर धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ते अंडं काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. हवा कोरडी असेल तर घरट्याखालच्या वाळूवर थोडं कोमट पाणी सोडा. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात.

तरी माझं मन विचाराल तर रवण, म्हणजे अंड्यांवर खुडूक कोंबडी, कार्तिक ते माघ यातच बसवा. कोंबडा बदललात तर पुढचे तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, जुन्या नराचा अंश तेवढा काळ मादीत टिकू शकतो. आणि बापाला लेकींवर पिढ्यान् पिढ्या ठेवू नका, दुसऱ्या गावाहून नर आणा.

नवापूरहून : २००६ आणि २०२१ चा बर्ड फ्लू आम्ही पाहिला. आता पाळायला भीती वाटते.

तुमची भीती खरी आहे, पण घराजवळ तिच्याहून नेहमीचा शत्रू म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. त्यासाठी पिल्लाच्या पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्या आठवड्यात आरटूबी लस टोचून. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवा. एकाएकी बरेच पक्षी मेले तर उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका, विकू तर नकाच. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

चाळीसगावहून : कोंबडा लंगडतो, तळव्याला काळी खपली आणि गाठ आहे.

बसायचा दांडा किती उंच आहे? पाच किलोचा पक्षी चार फुटांवरून रोज उडी मारतो, तळवा चिरतो आणि आत पू धरतो. गाठ घरी कापू नका, पशुवैद्याला दाखवा. दांडा फूटभर उंचीवर आणा, कडा घासून गोल करा आणि खाली भुसा जाड पसरा.