स्वल्पविरामाला चिकटलेली माय

प्रश्न : मी पारोळ्याजवळच्या गावात मराठी शिकवते. आजी दळताना म्हणायची त्या अहिराणी ओव्या टाइप करून ठेवल्यात. कोणता शब्द किती वेळा येतो ते पायथन या संगणकाच्या भाषेत मोजलं, तर ‘माय’, ‘माय,’ आणि ‘माय!’ असे तीन शब्द निघाले. भाच्याने ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ (\w) ही अक्षरं पकडणारी खूण वापरायला सांगितलं. आता माय गायब, नुसते ‘म’ आणि ‘य’ उरलेत. काय करू?

उत्तर : ताई, भाच्याला रागावू नका. इंग्रजीला त्याची युक्ती बरी चालते. पण पायथनच्या ‘रे’ मॉड्यूलमधला (म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या तयार अवजारपेटीतला) बॅकस्लॅश डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानतच नाही. म्हणून मायचा काना पडला आणि तिचे दोन तुकडे झाले.

तुमची पहिली वाटच धरा, मोकळ्या जागेवर शब्द तोडण्याची. ‘स्प्लिट’ फक्त मोकळ्या जागेवर तोडतो, स्वल्पविराम शब्दालाच चिकटून राहतो. मग प्रत्येक शब्दावर ‘स्ट्रिप’ चालवा. त्याला चिन्हांची यादी दिली की तो दोन्ही टोकं साफ करतो, मधे हात घालत नाही. ‘दळण-कांडण’ जोडलेलंच राहतं. ‘स्ट्रिंग’ मॉड्यूलमध्ये ‘पंक्च्युएशन’ नावाची 32 चिन्हांची तयार यादी आहे, पण ती इंग्रजी कीबोर्डची. ओव्यांमधला दंड (।), दुहेरी दंड (॥) आणि मोबाइल टाकतो ती वळणदार अवतरणचिन्हं तिच्यात नाहीत. ती हाताने जोडा. एकटी पडलेली रेघ साफ झाली की रिकामा शब्द उरतो, तो गाळा. मग सगळं शब्द मोजणाऱ्या ‘काउंटर’च्या हवाली करा.

आता खरी गोम. मी एकदा रावेर-यावलकडच्या केळीच्या बातम्यांची कात्रणं अशीच मोजत होतो. निकालात ‘स्वत’ असा एक शब्द डोकं वर काढून बसलेला. हा कोण पाहुणा? अर्धा तास गेला. टाइप करणाऱ्याने ‘स्वतः’चा विसर्ग न शोधता अपूर्णविराम (:) दाबला होता, आणि मी तो विरामचिन्ह समजून उडवला. (टाइप करणारा मीच होतो, ते सोडा.) दिसायला दोन्ही दोन टिंबंच, पण संगणकाला ती वेगळी.

म्हणून स्ट्रिपच्या आधी, एका मजकुराजागी दुसरा घालणाऱ्या ‘रिप्लेस’ने ‘स्वत:’, ‘विशेषत:’ असे ठरावीक शब्द विसर्गाचे करून घ्या. सरसकट बदलू नका, नाहीतर ‘सासू म्हणे:’ यातल्या ‘म्हणे’लाही विसर्ग लागेल. स्ट्रिपनंतर जो अपूर्णविराम उरेल तो शब्दाच्या पोटातलाच, ‘दु:ख’मधल्यासारखा. तिथे बेधडक विसर्ग घाला.

‘मायले’, ‘मायना’ मात्र वेगळेच मोजले जातील. ते प्रत्ययांचं काम, त्याला ही झाडझूड पुरायची नाही. आधी पाच ओव्यांवर चालवा, हाताने मोजून ताडा, मग सगळी वही घाला.